बारा नंबरचं घर

१९७३ साल. मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा, चौथीपर्यंत शिकलेला, शिपाई; आणि कचेरीच्या व्हरांड्यात खडूनं आखलेल्या बारा नंबरच्या चौकोनात बाजरीची कणसं धरून उभा. का उभा, ते भिंगारदिव्यांना विचारा. ते बी.एस्सी. होते. मला उभा राहा म्हणाले, मी राहिलो.

राहुरीजवळ बाजरीच्या वाणांची पारख करणारी आमची कचेरी. कुठल्या वाणाला किती दाणा पडला, ते आकडे पुण्याला जायचे. तिथं म्हणे खोलीएवढं यंत्र होतं, ते बेरजा करायचं. त्यानं काय करायचं ते ओळीओळीनं कागदावर लिहून द्यावं लागे. त्याला प्रोग्राम म्हणत. तो शिकलेली माणसं लिहीत, म्हणून त्यात चुका असत. त्या शोधायचं काम भिंगारदिव्यांकडं.

शोधायची तऱ्हा त्यांची स्वतःची. यंत्राच्या पोटात आकडे ठेवायला घरं असतात. ती मोजकीच, म्हणून पुन्हापुन्हा वापरायची. तर हा गृहस्थ फरशीवर तितकी घरं आखायचा आणि घरागणिक एक माणूस उभा करायचा. कारकून, माळी, एकदा तर सही घ्यायला आलेला पोस्टमनसुद्धा. एकानं कागद वाचायचा, त्याबरहुकूम आम्ही कणसं घ्यायची, द्यायची. आकडे म्हणजे कणसं. कुणी हसलं की चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचे, "यंत्राला हसता येत नाही. तुम्हीही हसू नका." चौकोनांवर कुणी पाय द्यायचा नाही. मोठे साहेब स्वतःच्याच कचेरीत भिंतीला चिकटून चालायचे. माझं झाडायचं काम वाचत होतं, म्हणून मी तक्रार केली नाही.

चूक सापडली की भिंगारदिवे ती स्वतः दुरुस्त करायचे नाहीत. ज्याचा कागद त्याच्यापुढं पेन्सिल ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मला वाटे, आळस. शिकलेल्या माणसाला आळस शोभून दिसतो. आमच्यासारख्यानं केला तर मेमो मिळतो.

त्या साली पारनेरकडचे थोरात म्हणून एक तरुण साहेब हंगामी लागले होते. त्यांचा प्रोग्राम दोनदा पुण्याला जाऊन आला आणि दोन्ही वेळा बाजरीचा उतारा उसाइतका निघाला. मोठे साहेब म्हणाले, तिसऱ्यांदा असं झालं तर गावी जाऊन बाजरी पेरा. यंत्रावरची पाळी दुसऱ्या दिवशी होती. कागद सकाळच्या पहिल्या एसटीनं मीच न्यायचे होते. थोरातांनी त्या दिवशी डबा उघडलासुद्धा नाही.

सकाळपासून माणसं तीनदा चौकोनांत उभी राहिली. तिन्ही वेळा उत्तर बरोबर. चौथ्यांदा बारा नंबरचा कारकून चहाच्या नावाखाली पळाला आणि माझी नेमणूक झाली.

पहिल्या शेताची चार कणसं माझ्या हातात आली. थोरातांनी चार लिहून घेतले. मग दुसरं शेत सुरू झालं. बाकीच्यांनी आपापली कणसं खाली ठेवली. मी ठेवली नाहीत. वर आणखी तीन आली, झाली सात.

हेडक्लार्क खेकसले, "रंभाजी, आधीची खाली टाक की."

"कागदात लिव्हलंय का?"

"त्यात काय लिहायचंय? कळत नाही का?"

"कळतंय लई. पन सांगितल्याबिगर मी टाकनार न्हाई."

थोरात काकुळतीला आले, मामा, टाका ना, वेळ नाही. मी मुठी आवळल्या. आमच्या घरी याच गुणाला आडमुठेपणा म्हणतात.

भिंगारदिवे जवळ आले. माझी कणसं मोजली. थोरातांच्या हातातला कागद घेऊन वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, मग पुन्हा एकदा फिरवलं. म्हणाले, "बरोबर आहे. यंत्रही टाकणार नाही. घर रिकामं करा, असं यात कुठंच लिहिलेलं नाही. आपण शहाणे, आपणहून रिकामं करत होतो."

हेडक्लार्कना एकदम फायली आठवल्या. भिंगारदिव्यांनी थोरातांपुढं पेन्सिल ठेवली. त्यांनी एक ओळ लिहिली.

संध्याकाळी भिंगारदिवे कणसं पाटीत भरत होते. मी म्हणालो, चूक कुणी काढली ते मोठ्या साहेबांना कळायला पाहिजे. आधी माझं नाव, मागून तुमचं आलं तरी माझी हरकत नाही.

"रंभाजीराव, अक्षर थोरातांचं आहे. शोधलंही त्यांनीच, असं राहू द्या."

"समद्यांचं असंच करता व्हय तुमी?"

ते एक कणीस हातात फिरवत राहिले. "त्यांची आई आहे पारनेरला. घरी जाऊन तिला सांगतील. मी सांगू कुणाला? माझ्या दाराचं कुलूप मीच काढतो." एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं आणि पाटी उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब फाटकातच भेटले. चूक सापडली म्हणे, कुणी शोधली, म्हणून विचारलं. उभ्या जन्मात मी माझी शाबासकी दुसऱ्याला घेऊ दिलेली नाही. "थोरातसाहेबांनी," मी म्हणालो, आणि कागद काखोटीला मारून एसटीत चढलो.