मागं बघून पुढे चला

गाडीत रस्ता सांगणारा कॉम्प्युटर बसवायचा तर बटणही गाडीला शोभणारं हवं, असं फ्यूजरावांचं ठाम मत होतं. हे नाव त्यांना शेजाऱ्यांनी दिलेलं. ते ज्या घरात दुरुस्तीला गेले, तिथले दिवे आधी जात आणि मग ते जात.

बटण निवडण्यातच त्यांचा आठवडा गेला. खटक्याचं नको, ते पिठाच्या गिरणीसारखं दिसतं. लाल नको, लोक घाबरतात. शेवटी भोवती निळा उजेड पडणारं एक गोल बटण त्यांच्या मनात भरलं. कॉम्प्युटर डिकीत बसला, पडदा पुढे लागला. आता फक्त चावी फिरवल्यावरच वीज येणारी एखादी वायर हवी होती. डिकीत तशी एक सापडली. टेस्टर पेटला, बटण उजळलं आणि पडद्यावरची बाई म्हणाली, "स्वागत आहे."

"मेकॅनिकला दाखवायचं का एकदा?" बायकोनं विचारलं.

"त्याला काय कळतंय यातलं!"

बायको नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. त्या रविवारी दुपारच्या खेळासाठी राणीचा घोळदार झगा शेजारच्या गावातल्या नाट्यगृहात पोचवायचा होता. महिनाभर खपून शिवलेला झगा मांडीवर घेऊन सासूबाई मागं बसल्या. पत्ता कॉम्प्युटरमध्ये भरला होता. फ्यूजरावांनी पहिला गिअर टाकला आणि पडदा काळा झाला.

"झोपली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

बटण दाबून दाबून अंगठा दुखला, तरी बाई उठेना. गावाबाहेर पहिला फाटा आला.

"विचारा ना कुणाला तरी," बायको म्हणाली.

"मशीन असताना लोकांना काय विचारायचं?"

त्यांनी डावीकडे गाडी घातली, ती थेट एका गोठ्याच्या दारात. मागं घ्यायला रिव्हर्स टाकला, तशी बाई जागी झाली. "स्वागत आहे. मागे वळा."

पुढचा गिअर टाकताच पुन्हा अंधार.

"जावईबापू, ही फक्त मागं जाताना बोलते," सासूबाई म्हणाल्या.

फ्यूजरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. घरासमोर उतार, म्हणून त्यांची गाडी नेहमी रिव्हर्स गिअरमध्येच उभी असे. सापडलेली ती वायर मागच्या पांढऱ्या दिव्याची होती, आणि तो दिवा रिव्हर्समध्येच लागतो.

"आता विचाराल?" बायको म्हणाली.

"गरज नाही. चालतंय की!"

मग प्रत्येक फाट्यावर ते थांबत, क्लच दाबून रिव्हर्स टाकत, बाई उठेपर्यंत वाट बघत आणि मग पुढे निघत. मागं एक बस लागली होती. यांचा पांढरा दिवा लागला की बसवाला हॉर्न वाजवत बस मागं घ्यायचा. तिसऱ्या फाट्यावर त्यानं हात जोडले आणि बस वळवून भलत्याच रस्त्यानं नेली.

"बघा, वाट मोकळी झाली," फ्यूजराव म्हणाले.

नाट्यगृहाच्या दारात मॅनेजर येरझाऱ्या घालत होता. झगा बघून त्याचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

"कपडे आले, बाई. आता घालणारे यायचेत. आमची बस अजून पोचली नाही."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पाटीवरचं नाटकाचं नाव वाचायला घेतलं.

खेळ सुरू करा म्हणून लोक टाळ्या वाजवून दमले, तेव्हा कुठे बस आली. राणी धावतच आत गेली. ड्रायव्हर उतरून सांगू लागला, "एक गाडी हो! पुढे जाता जाता आमच्याच अंगावर यायची. कोण येडा चालवत होता, देव जाणे."

फ्यूजराव खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

"आमचे जावई," सासूबाई म्हणाल्या. "बटण मात्र छान निवडलंय हो त्यांनी."

मॅनेजरनं फ्यूजरावांकडे बघितलं, मग बायकोकडे. "पुढच्या खेळाला तुम्ही आमच्या बसमधूनच या, बाई. यांना त्रास नको."

फ्यूजरावांनी लगेच मान डोलावली. परतीच्या वाटेवर त्यांनी भेटेल त्याला रस्ता विचारला, अगदी स्वतःच्या गल्लीतसुद्धा.