सुभेदार काकांची नदी

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मोबाइलवरच्या अटी शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस आहे, शेजारचे सुभेदार जगताप काका. दूध मागवायच्या ॲपने ‘मान्य आहे का?’ विचारलं, की काका खुर्ची ओढून बसतात, चष्मा लावतात आणि सगळं मोठ्याने वाचतात. तोवर मी कोपऱ्यावरून त्यांचंही दूध आणलेलं असतं.

ही सवय त्यांना मासेमारीच्या एका गेमने लावली. काकांनी तो विकत घेतला होता. नदीकाठी बसायचं, गळ टाकायचा, बस्स. एका सकाळी कंपनीने सर्व्हर बंद केला आणि काकांची नदीच गेली.

काकांनी थेट ग्राहक आयोगात तक्रार केली.

“छोडो ना काका, दुसरा गेम घ्या,” मी म्हटलं.

“बिल्कुल नाही. विकलेली खुर्ची दुकानदार मागाहून घरात शिरून उचलून नेतो का?”

सुनावणीला मीही गेलो. कंपनीचा वकील म्हणाला, “इन्होंने गेम नहीं, सिर्फ इस्तेमाल का लाइसेंस लिया था.”

काका ताठ उभे राहिले. “तो बटन पर ‘खरीदें’ क्यों लिखा था? लिखते, ‘जब तक हमारा मन करे’.”

समोर बसलेले आयोगाचे साहेबही हसले.

पुढच्या तारखेला कंपनी नमली. इंटरनेटशिवाय चालेल असा गेम द्यायला तयार झाली. मी खूश झालो, तेवढ्यात काका म्हणाले, “इसमें एक ही आदमी बैठ सकता है. मंजूर नहीं.”

परतताना मेट्रोत मी वैतागलोच. “जिंकला होतात की. एकट्याने खेळायला काय हरकत होती?”

काका माझ्याकडे वळले.

“साताऱ्याला माझा धाकटा भाऊ असतो. घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं तुटलं. पुतणीच्या नादाने दोघांनीही हा गेम घेतला, एकमेकांना न सांगता. एका संध्याकाळी नदीवर त्याच्या नावाचा माणूस दिसला. आला आणि माझ्या शेजारी बसला. मग रोज यायला लागला. बोलायचो नाही. पण माझा गळ अडकला, की तो सोडवून द्यायचा.”

“मग त्यांना फोन करा ना, काका.”

“फोनवर बोलावं लागतं,” काका म्हणाले आणि आमचं स्टेशन आलं म्हणून उठले. “पुढच्या तारखेला येशील ना?”