ताणलेला कागद आणि मोरकाकांची पिसं

एका जंगलात, मुलांनो, वैजयंती नावाची साळिंदर राहायची. शिकलेली होती, म्हणून तिला काळजी फार. काळजी वाटली की तिच्या पाठीवरचे काटे उभे राहायचे आणि खुळखुळ वाजायचे. सकाळी खुळखुळ ऐकू आली की शेजारी म्हणायचे, "उठल्या वाटतं टोकीच्या आई."

टोकी तिची मुलगी. टोकीला चित्र काढायचं होतं. मोरकाकांचं, पिसाऱ्यासकट.

"आजच काढू दे ना गं आई. काकांची पिसं गळायला लागलीत."

खरंच लागली होती. पाऊस सरत आला की मोरांचा पिसारा झडतो. मोरकाका रोज मागे वळून बघायचे आणि सुस्कारा टाकायचे.

वैजयंतीने कागद आणला. जंगलात कागद कुठून आला, असं विचारू नका. शहाणी मुलं गोष्टीत शंका काढत नाहीत.

टोकीने रंगात कुंचला बुडवला, तोच पलीकडून हरणी म्हणाली, "अय्या, टोकीच्या आई! कागद ताणला नाहीत?"

"ताणायचा असतो?" काटे उभे.

"म्हणजे काय! नुसत्या कागदावर पाणी पडलं की तो फुगतो. लाटा येतात. रंग खळग्यात जाऊन बसतात. आमच्या पाडसाला बगळे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्हाला नव्हतं माहीत? असू दे, असू दे. सगळ्यांनाच कुठे वेळ असतो मुलांसाठी!"

वैजयंतीने टोकीच्या हातातून कुंचला काढून घेतला.

बगळे सर तळ्याकाठी चित्रकलेचे वर्ग घेत. त्यांचं स्वतःचं चित्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यांची तयारी अजून चालू होती.

"कागद आधी भिजवायचा," सर म्हणाले. "भिजला की तो पसरतो. मग फळीवर घालून चारी कडा डिंकाच्या पट्ट्यांनी चिकटवायच्या. वाळताना तो आकसू बघतो, कडा सोडत नाहीत. मग बसतो ताठ, डफासारखा. पाया आहे हा, ताई. पाया कच्चा राहिला तर मुलांचं पुढे काय होतं, ते मी सांगायला नको."

त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे तिला सगळं स्वतःच कल्पावं लागलं, आणि त्यात ती फार हुशार होती.

पहिला कागद तिने तळ्यात भिजवला, बाभळीच्या डिंकाने फळीवर बसवला. छान बसला. पण 'नीट झालाय ना?' असं मनात आलं मात्र, काटे ताठ. टोकीला हाक मारायला ती वळली आणि ओल्या कागदाची चाळण झाली.

"भोकं चालतील मला," टोकी म्हणाली. "पिसांवर डोळे असतातच."

"आज चालतील म्हणशील. मोठेपणी मलाच बोल लावशील."

दुसरा कागद दमट हवेत वाळेना. तिने फळी शेकोटीजवळ धरली. एक बाजू आधी वाळली आणि कागद मधोमध फट्‌कन फाटला.

"टोकीबाळ, मी उभा राहू की जाऊ?" मोरकाका विचारायचे. "जरा उरका गं. आता शिंकायचीसुद्धा भीती वाटते मला."

वैजयंती रोज ठरवायची, उद्या सरळ काढू द्यायचं. फुगला कागद तर फुगला. मग वाटायचं, आपण कंटाळा तर करत नाही ना? चांगली आई असं म्हणाली असती का? चांगल्या आईला ती कधी भेटली नव्हती. पण तिला घाबरायची.

तिसरा कागद मात्र साधला. तिने हळूच टिचकी मारली. डफासारखा वाजला.

"टोके, चल! कुंचला घे!" फळी उचलून ती मोरकाकांकडे धावली.

वाटेतच सगळ्यांनी तिला अडवलं.

"अगंबाई, एक सुरकुती नाही!" हरणी म्हणाली.

बगळे सरांचे डोळे पाणावले. "ताई, असा कागद माझ्याच्यानेही झाला नाही. सत्कार झालाच पाहिजे."

लगेच सत्कार ठरला. मोरकाका प्रमुख पाहुणे. सर बोलले, बराच वेळ बोलले. शेवटी मोरकाकांनी पंख आपटून टाळ्या वाजवल्या, आणि उरलीसुरली पिसं खाली आली.

मोरकाकांनी सत्काराची शाल घाईघाईने मागे गुंडाळली.

"असेच काढते मी त्यांना," टोकी म्हणाली. "शालीसकट." तिने कुंचला निळ्यात बुडवला. टोकाशी एक थेंब लोंबू लागला, अगदी कागदाच्या वर.

"ताई, बघताय काय!" सर ओरडले.

थेंब पडावा असं वैजयंतीला फार वाटत होतं. पण सगळं जंगल बघत होतं. तिचा पंजा पुढे गेला आणि तिने थेंब वरच्या वर झेलला.

"वाचला!" सगळे म्हणाले.

टोकीने कुंचला खाली ठेवला. "आई, मलाही कागद ताणायला शिकव."

"आणि चित्र?"

"नको. त्याने कागद खराब होतो ना."

काय हा समंजसपणा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंतीनेही वाजवल्या. तिचे दोन्ही पंजे निळे झाले.

तात्पर्य: तयारी पक्की असेल, तर चित्र काढायची वेळच येत नाही. मोरांनी मात्र पिसं जरा जबाबदारीने गाळावीत.