दिवसपाळीकाकांचा मुका रेडिओ

रविवारी संध्याकाळी पाच वाजता दिवसपाळीकाकांचा रेडिओ मुका असल्याची तक्रार आली. थोड्याच वेळात माझे भावोजी त्यांच्या दारात उभे होते. काकांनी “या” म्हणण्याआधीच त्यांनी आपली ओळख करून दिली.

“ज्याच्या नजरेखालून मुंगीसुद्धा पत्ता सांगितल्याशिवाय जात नाही, ज्याला पाहून भिंती आपणहून कबुली देतात, तो मी. अडचण सांगू नका, मी ओळखतो. तुमची बायको नाहीशी झाली आहे.”

“ती बाजारात गेलीय,” काका म्हणाले. “रेडिओ बिघडलाय.”

“म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे बरोबर निघालं,” भावोजी मला म्हणाले.

भावोजी चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. तिथे भिंगं फुकट मिळतात, आणि या हेरगिरीच्या छंदाचं मूळ तेवढंच आहे. मी त्यांचा मदतनीस. नेमणूक माझ्या ताईने केली. भावोजी परक्या घरात काय काय फोडतात यावर लक्ष ठेवणं, एवढंच काम.

प्रकरण असं होतं. काका आणि त्यांचा मित्र एकाच टॅक्सीचे दोन ड्रायव्हर. एक दिवसा चालवायचा, दुसरा रात्री. लोकांनी नावंही तीच पाडली, दिवसपाळी आणि रात्रपाळी. सगळी नोकरी किल्ली देता-घेता झालेल्या भेटींवर निघाली. निवृत्तीनंतर राहिलेलं बोलून घ्यावं म्हणून दोघांनी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला. रात्रपाळीने नवा सेट घेतला. काकांना मात्र आपल्याच टॅक्सीतला जुना रेडिओ हवा होता. कंपनीने मोडीत काढलेला तो डबा त्यांनी आणला आणि पुतण्याकडून हौशी मंडळींच्या लहरींवर लावून घेतला.

काका रोज सकाळी हाक मारतात. बाकीची मंडळी उत्तर देतात, गुडघेदुखीवर चर्चा होते. रात्रपाळी सकाळी झोपतो, सवय. त्याचं म्हणणं, तो रोज दुपारी आणि संध्याकाळी हाक मारतो. त्या वेळी काका रेडिओसमोर बसून असतात आणि त्यांना काहीही ऐकू येत नाही. आपल्याला मुद्दाम टाळलं जातंय, असा रात्रपाळीचा समज झाला. फोन केला की तो आवाज ओळखून ठेवून देतो. काल त्याने भाजीवाल्याकडून निरोप धाडला: उद्या सहाला शेवटची हाक. उत्तर आलं नाही तर सेट विकणार, आणि मैत्री भंगारात.

“मला तोंडावर शिव्या देणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही,” काका म्हणाले.

रेडिओ फळीवर होता. शेजारी भिंतीवर हूक, हुकावर माईक. सगळं टॅक्सीत होतं तसं. भावोजींनी भिंग लावून रेडिओचं बूड पाहिलं आणि जाहीर केलं, की यात कबुतरांचा हात आहे. कबुतरं अँटेनावर बसून येणारे शब्द पायाखाली दाबतात. मला गच्चीवर पाठवण्यात आलं. कबूतर एकही नव्हतं, पण हुकूम होता म्हणून मी खांब हलवला. खाली काकांनी माईक उचलून विचारलं, “कुणी आहे का?” लगेच दोन माणसं स्वच्छ आवाजात बोलू लागली.

प्रकरण मिटलं. भावोजींनी अभिनंदन स्वीकारलं. काकांनी माईक जागेवर टांगला, आणि खोलीत पुन्हा शांतता पसरली.

“कबुतरांचे साथीदार आहेत,” भावोजी म्हणाले.

साथीदार म्हणजे लोखंडी कपाट. ते लहरी गिळत होतं. आम्ही ते बाहेरच्या खोलीत ढकललं. त्यात आरसा फुटला. तो ताईला कळवायच्या गोष्टींत गेला. काकांनी माईक उचलून चाचणी घेतली. आवाज खणखणीत. माईक टांगला. चिडीचूप. मग काकांचा नायलॉनचा शर्ट संशयित ठरला. तो उतरवून त्यांनी बनियनवर माईक उचलला, तेव्हाही आवाज खणखणीत. भावोजींचं प्रत्येक निदान चाचणीत खरं ठरत होतं आणि रोग जागच्या जागी होता. असं यश मी फक्त निवडणुकांत पाहिलं आहे.

सहाला थोडाच अवकाश उरला. भावोजींनी डोळे मिटले आणि अखेरचा सिद्धांत मांडला. रेडिओ चांगला आहे, अँटेना चांगली आहे, शर्टही चांगला आहे. म्हणून उरतं ते एकच.

“तो हाक मारतच नाही. तुम्हाला सोडायला त्याला निमित्त हवंय.”

काका शर्टाची बटणं लावत बसले, आणि चुकीच्या काजात लावत गेले. मी भावोजींच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

तेवढ्यात काकू बाजारातून आल्या. वाटेत कपाट पाहून त्यांनी आमच्याकडेही एकदा पाहिलं. मग सरळ भिंतीकडे जाऊन त्यांनी हुकावरचा माईक काढून फळीवर ठेवला आणि हुकाला पिशवी अडकवली. रेडिओतून एक माणूस टोमॅटोवरच्या किडीबद्दल बोलू लागला.

“माझ्या उपायाचा परिणाम जरा उशिरा होतो,” भावोजी म्हणाले.

काकांनी माईक उचलून हुकाला टेकवला. टोमॅटो बंद. बाजूला घेतला. टोमॅटो चालू.

“अरे,” ते हळूच म्हणाले, “टॅक्सीत असंच होतं की. माईक टांगलेला असला की फक्त आपल्या ऑफिसची हाक ऐकू यायची. उचलला की सगळ्यांची.”

पुतण्याने लहरी बदलल्या होत्या. रेडिओची ही सवय तशीच राहिली होती. टांगलेला माईक अजून कंपनीच्या हाकेची वाट पाहत होता, आणि कंपनी आता लग्नाचा हॉल झाली आहे.

“गाडीत मला हे पाठ होतं,” काका म्हणाले. “घरात कसं विसरलो?”

“घरात आलं की तुम्ही बरंच विसरता,” काकू म्हणाल्या. “रात्रपाळी भावजी तर रोज हाका मारतात. दुपारी तुमची रेडिओसमोर डुलकी लागली की मी माईक काढून घटकाभर पिशवी टांगते, तेव्हा ऐकते ना मी. काय काय बोलतात तुम्हाला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, मुद्दाम झोपेचं सोंग घेताय. तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडायचं नाही, हे तुम्हीच लग्नात बजावलं होतंत.”

काकांचा चेहरा उजळला. तो हाक मारत होता. शिव्यांसकट मारत होता.

सहा वाजले. “दिवसपाळी, ही शेवटची...” एवढंच ऐकू आलं. काकांना धीर निघाला नाही. त्यांनी बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली: हूक, माईक, पिशवी, कबुतरं, सगळं. बटण दाबलेलं असेपर्यंत या यंत्राला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही. काकांना हे माहीत आहे. ते बोलत राहिले.

थोड्या वेळाने काकूंचा फोन वाजला. रात्रपाळीची सून होती. बाबा बटण दाबून वाट्टेल ते बोलतायत, बटण सोडायला तयार नाहीत. काका ऐकून घेतायत ना?

काकूंनी मान वळवून पाहिलं.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “हेही बोलतायत.”

फार वेळ बोललं तर आपोआप तोंड बंद करण्याची सोय टॅक्सीच्या रेडिओत असते. ती काकांच्याच आग्रहावरून पुतण्याने काढून टाकल्याचं आता समजतं. भावोजींनी प्रकरण यशस्वीरीत्या मिटल्याची घोषणा केली आहे आणि ते आरशाचे तुकडे भिंगातून पाहत आहेत. सुनेने दिलेल्या ताज्या माहितीनुसार, रात्रपाळी जुन्या तक्रारींत न सांगता वापरलेल्या स्टेपनीपर्यंत येऊन पोचला आहे. इकडे काका माफी मागतायत. बटण अजून कुणीही सोडलेलं नाही.