सुभद्रेनं नाव घेतलं

सुभद्रा बाळंतपणाला म्हणून दर्यापूरला माहेरी आली आणि तिथेच अडकली. किसना झाला, त्याचं बारसं झालं, तो पालथा पडला, रांगला, आता भिंत धरून उभा राहायला लागला, तरी तिची सासरी रवानगी होईना. बारशाच्या पंगतीत जावयाचं पान कापसाच्या दलालाच्या पानानंतर वाढलं गेलं, एवढंच निमित्त. सूर्यभान हात धुऊन उठला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "आता मी न्यायले येत नाई. सासऱ्यानं सोता आणून द्यावी." सुभद्रेचे वडील महादेवराव ओसरीवरून म्हणाले, "जवाई हात जोडून आला तरच लेक जाईन."

एरवी असला रुसवा एका सणापुरता टिकायचा. पण ते साल वेगळं होतं. विलायतेच्या गिरण्यांना कुठल्याशा लांबच्या लढाईपायी कापूस मिळेना, म्हणून वऱ्हाडाच्या बोंडाला सोन्याची कळा आली होती. लोकांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या. कापूस चढला तसा माणसांचा ताठाही चढला. चांदीच्या धावेवरून गाडी चालवणारा माणूस कोणापुढे कशाला वाकतो?

सुभद्रा दोघांच्याही बाजूची नव्हती. तिला फक्त घरी जायचं होतं. तिकडे गोठ्यातली तिची गाय कोण पिळत असेल, नवरा दोन वेळा जेवत असेल की नाही, आणि मुख्य म्हणजे किसन्या बापाला ओळखेल की अनोळखी माणूस म्हणून भोकाड पसरेल, ह्या काळजीनं ती दिवस मोजत होती.

तेवढ्यात तो चेंडू आला.

बडनेऱ्याकडे आगगाडीचा रस्ता बांधणाऱ्या एका साहेबाकडे सूर्यभानच्या गाड्या खडी वाहत. साहेबलोक सुटीच्या दिवशी चेंडूला लाथा मारत धावायचे. सूर्यभाननं तो खेळ गाडीवर बसून दोन-तीनदा पाहिला आणि तो त्या खेळातला वस्ताद झाला. साहेबाची बदली झाली तेव्हा तो चेंडू त्यानं सूर्यभानला बक्षीस दिला. चेंडू कातड्याचा होता. कोणत्या जनावराच्या कातड्याचा, हे कोणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर खेळ तिथेच आटोपला असता.

झालं, दर्यापूरला निरोप गेला. अंबादेवीच्या दर्शनाला आणि कापूस विकायला दोन्ही घरं अमरावतीला येणारच आहेत, तर शहराच्या तटाबाहेर, परकोटाबाहेरच्या मैदानात चेंडूचा खेळ होऊन जाऊ द्या. सूर्यभान हरला तर तो सासऱ्यापुढे हात जोडून बायको नेईल. महादेवराव हरले तर स्वतः लेक नेऊन पोचवतील.

"आन् बरोबरी झाली तं?" सुभद्रेनं हळूच विचारलं.

"तं पुढच्या वेचणीनंतर पाहू," महादेवराव म्हणाले आणि मिशीला पीळ भरू लागले.

पुढच्या वेचणीपर्यंत किसना बोलायला लागला असता, आणि मामालाच बाबा म्हणाला असता.

मैदानात दोन्ही टोकांना कापसानं भरलेल्या दोन-दोन बोऱ्या उभ्या केल्या होत्या. मधली जागा म्हणजे दार. समोरच्याच्या दारातून चेंडू गेला की एक डाव पदरात. उन्हं परकोटाला टेकली की खेळ बंद, ज्याचे डाव जास्त तो जिंकला. निवाड्याला अमरावतीचे वकील मोरोपंत होते. त्यांनी खेळ कधी पाहिला नव्हता, पण म्हणूनच ते कोणाच्या बाजूचे नव्हते.

बायका लिंबाखाली बसल्या. सुभद्रेच्या शेजारी तिची आत्या गोदाबाई, मांडीवर पानाचा डबा.

"काय वं, तुह्या नवऱ्यानं पोट्ट्यायले तयार तं केलं ना?"

"केलं म्हंतात."

तयार केलं होतं, पण सूर्यभानच्या पद्धतीनं. चेंडू एकच, तो झिजेल ह्या भीतीनं त्यानं तो देवघरात हळदीकुंकू वाहून ठेवला होता. त्याची माणसं महिनाभर चेंडूवाचूनच धावत होती. शिकवण एकच: "चेंडू जिकडे, तिकडे सगळ्यायनं जायचं. कोणीच मांगं रायचं नाई."

आणखी एक हुशारी त्यानं केली होती. आपली माणसं ओळखू यावीत म्हणून सगळ्यांना लाल पागोटी बांधायला लावली होती. चांगली, लग्नातल्या आहेराची. समोरून स्वतः महादेवराव आपली माणसं घेऊन मैदानात उतरले. त्यांचीही पागोटी लाल. त्याच लग्नातली, त्याच आहेराची.

"अगाई!" गोदाबाई म्हणाली, "हे तं वऱ्हाडच परत भरलं."

सुभद्रेनं पदर पुढे ओढला. अजून चेंडूला कोणी हात, म्हणजे पाय, लावला नव्हता आणि तिचे कान तापले होते.

खेळ सुरू झाला. सूर्यभानच्या पुंजारामनं चेंडू घेतला आणि मोठ्या विश्वासानं एका लाल पागोट्याकडे ढकलला. ते पागोटं सुभद्रेच्या भावाचं, खुशालरावाचं होतं. खुशालरावानं "बरं झालं गा" म्हणून तो उचलून लाथाडला. चेंडू सूर्यभानच्या दाराकडे निघाला. दाराशी नत्थुजीला उभं केलं होतं, कारण तो दाराएवढाच रुंद होता. पण नत्थुजी जागेवर कुठे होता? चेंडू जिकडे तिकडे सगळ्यांनी जायचं, म्हणून तोही हाशहुश करत मैदानाच्या मध्यावर पोचला होता. चेंडू त्याच्याच बाजूनं उलटा गेला आणि मोकळ्या दारातून शांतपणे बाहेर पडला.

"नत्थ्या! दार सोडून काहून आला बे?"

"तूच तं म्हंत होता, कोणी मांगं राहू नका!"

"तुले नाई म्हटलं!"

"मंग माहं नाव घेऊन सांगायचं ना!"

लिंबाखाली हशा पिकला. सुभद्रेनं किसन्याचं टोपडं उगीचच नीट केलं.

पुढे खेळाला वेगळाच रंग चढला. इतक्या पायांच्या गर्दीत कोणाचा ना कोणाचा पाय कोणाला लागायचाच. आणि पाय लागला की वऱ्हाडातला माणूस काय करतो? वाकतो, लागलेल्या जागेला हात लावतो, तो हात कपाळाला नेतो. चेंडू बाजूला पडायचा आणि इकडे नमस्कार चालायचे. लहान मोठ्याच्या पाया पडे, मोठा "असू दे बापा" म्हणे, तोवर तिसऱ्याला पाय लागे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, इथे कोणाचं तरी लग्न लागून गेलं आणि आता मानपान चाललंय.

"अरे, नमस्कार घरी जाऊन करजा!" सूर्यभान ओरडत होता. तेवढ्यात त्याचाच पाय महादेवरावांच्या नडगीला लागला. तो जीभ चावून खाली वाकला. जावई पाया पडतो म्हणजे पाप, म्हणून महादेवरावही घाईघाईनं वाकले. टाळक्यावर टाळकं असं आदळलं की त्याचा आवाज लिंबाखाली ऐकू आला. दोघंही डोकं धरून मटकन खाली बसले, आणि बसल्या बसल्या एकमेकांकडे न बघण्याचा कसून प्रयत्न करू लागले.

"तुह्या बापाचं डोस्कं टणक हाये," गोदाबाई म्हणाली. "माहाच भाऊ हाये ना."

"आत्या, चूप बसा ना वं."

मैदानात खुशालराव ह्या दोघांपाशी हात जोडून उभा राहिला. आपला बाप खाली बसलेला असताना खेळायचं कसं? पुंजारामला असला काही पेच नव्हता. त्यानं चेंडू घेतला आणि एकटाच चालत जाऊन समोरच्या दारात घालून आला.

"बरोबरी!" मोरोपंत ओरडले.

तो शब्द ऐकताच सुभद्रेनं आभाळाकडे पाहिलं. उन्हं परकोटाच्या अगदी जवळ आली होती. कोणीतरी हरा रे, बाप हरो की नवरा हरो. तिनं अंबाबाईला हात जोडले. "माय, कोणालेही पाड, पण पाड."

सूर्यभाननं आता शेवटची शक्कल लढवली. त्यानं नत्थुजीला दारातून हाकललं आणि स्वतःच दारात उभा राहिला. इथवर ठीक होतं. पण तेवढ्यात मोरोपंतांनी परकोटाकडे बोट दाखवून "आता थोडाच वेळ राहिला" म्हटलं. ते ऐकून सूर्यभान त्यांच्याकडे वळला.

"थोडा कसा काय? अजून बिलांगभर सूर्य वर हाये!" त्यानं हाताची वीत ताणून दाखवली.

"अहो, माझ्याकडे काय बघताय? परकोटाकडे बघा."

"पाहूनच तं बोलून राहिलो! तुमी वकील असान, सूर्य का तुमचा अशील हाये?"

इकडे त्याची पाठ मैदानाकडे. तिकडे खुशालरावाच्या पायाला लागून चेंडू सुटला. जोरात नव्हे. दिवसभराच्या धावपळीनं तोही दमल्यासारखा, ढेकळांवरून डुलत डुलत येत होता. सगळ्या मैदानाला दिसला. एका सूर्यभानला दिसला नाही.

सुभद्रेनं नुसतं गप्प बसायचं होतं. चेंडू आत गेला असता, नवरा हरला असता, आणि आजच्या आज ती गाडीत बसली असती. हेच तर तिनं देवीकडे मागितलं होतं. पण नवऱ्याची उघडी पाठ दिसली आणि ती सगळं विसरली.

"अवो!" ती ओरडली.

मैदानातले झाडून सगळे लग्न झालेले पुरुष वळले. सूर्यभान तेवढा वळला नाही.

"अवो, किसन्याचे बाबा! मांगं पाहा!"

सूर्यभान सूर्याचाच हिशेब मांडत होता. चेंडू चार पावलांवर आला. सुभद्रा उभी राहिली. पदर कुठे गेला ते तिला कळलं नाही, आणि तिच्या तोंडातून जे निघालं ते तिच्या आईनं, आजीनं, पणजीनं जन्मात उच्चारलं नसेल.

"सूर्यभान!"

पुढे राव नाही, मागे धनी नाही. शेतातल्या गड्याला मारावी तशी हाक.

गोदाबाईच्या हातातलं पान हातातच राहिलं. सूर्यभान गर्रकन वळला. चेंडू अजून त्याच्या पुढ्यात होता. नुसता पाय आडवा घातला असता तरी अडला असता. पण त्यानं चेंडूकडे पाहिलंच नाही. लग्नात उखाण्याच्या आडून घेतलेलं ते नाव, असं मोकळं, भर मैदानात, बायकोच्या तोंडून! तो आ वासून सुभद्रेकडे बघत राहिला आणि चेंडू त्याच्या दोन्ही पायांमधून आत गेला.

गोदाबाईनं सुभद्रेला हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्या तोंडावर पदर टाकला. त्या पदराआड सुभद्रा जमिनीत शिरायला फट शोधत होती. नवऱ्याला सावध करायला गेली आणि तिनंच त्याला पाडलं. वर वडिलांना मान खाली घालायला लावली. आजवर वडिलांनी आणि नवऱ्यानं मिळून केलेला तमाशा तिच्या एका शब्दापुढे फिका पडला होता.

सूर्यभान मान खाली घालून आला आणि त्यानं हात जोडले. "मामाजी, न्यायले आलो."

महादेवराव जिंकले होते. पण त्यांना मिशी पिळायचं सुचेना. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घिऊन जा बापा. लवकर घिऊन जा. दोन दिवस अजून ठेवली तं माहंही नाव घेईन."

गाडी सासरी, बडनेऱ्याच्या वाटेला लागली. किसन्यानं बापाला पाहून भोकाड पसरलं नाही. तो सरळ त्याच्या पागोट्याचा शेव चोखत झोपला. सुभद्रा मागे, पदर नाकापर्यंत. चांदीच्या धावा धुळीतून मुकाट फिरत होत्या.

गाव दिसू लागल्यावर सूर्यभान समोर बघतच म्हणाला, "म्या म्हटलं..."

"चुकलं माहं," ती घाईनं म्हणाली. "जीभ झडो माही. चेंडू येऊन राहिला होता, मले काई सुधरलंच नाई."

"तसं नाई." त्यानं कासरा चाचपला. "पुन्हा एकडाव घे ना."

सुभद्रेचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग पदराआडून बारीक आवाज आला, "तुमी पयले माहं घ्या."

सूर्यभाननं मागे पाहिलं, पुढे पाहिलं, दोन्हीकडच्या वावरांत पाहिलं. कोणी नव्हतं. त्यानं घसा खाकरला. तोंड उघडलं. पुन्हा एकदा मागे पाहिलं. आणि मग मोठ्यानं बैलाला म्हणाला, "चाल बे, काय पाहून राहिला?"