शून्य गती आणि ठकुबाईचा डबा

निवांतपणा आणि आळस यांत फरक एवढाच, की निवांतपणासाठी नाव नोंदवावं लागतं. आळशी माणूस आपल्याच ओट्यावर फुकट बसतो. निवांत माणूस गाडीच्या टपावर सायकल बांधून लांबून येतो, डोक्यावर अर्ध्या कलिंगडाएवढी टोपी चढवतो आणि कालव्याच्या काठाने इतक्या सावकाश जातो, की चरत चाललेली म्हैस त्याला मागे टाकते. अशा माणसांची सोय करावी हा विचार भिवंडी तालुक्याला उशिरा सुचला. पण सुचला तो नियमांसकट सुचला.

योजनेचं नाव ‘निवांत कालवाकाठ’. पडघ्याच्या अलीकडे, वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत, कालव्यालगतचा तीन किलोमीटरचा रस्ता. जागा निवडण्याचं कारण कागदावर ‘नैसर्गिक सपाटी’ असं दिलं आहे. (खोटं नाही. गोदामांच्या भरावासाठी टेकडी उचलून नेली, की मागे उरतं ते सपाटच असतं.) रस्त्यावर इंजिनाच्या गाड्यांना बंदी. वेगमर्यादा ताशी आठ किलोमीटर. डबलसीट बंद, कारण निवांतपणा ज्याचा त्याने घ्यायचा असतो. दर चारशे मीटरवर एक ‘निवांत बिंदू’, म्हणजे एक बाकडं आणि तिथे बसून काय बघायचं ते सांगणारी पाटी. तिसऱ्या बिंदूवर ‘बगळे’ अशी पाटी आहे. पाटी लागल्यापासून बगळे चौथ्या बिंदूवर बसतात.

पहिल्या पंधरवड्याच्या अहवालानुसार ४१२ पर्यटक पूर्ण निवांत झाले, ३७ अर्धवट निवांत झाले (पंक्चर), आणि एक जण कालव्यात पडला. त्याची नोंद ‘जलपर्यटन’ या सदरात केली आहे.

या सगळ्याशी ठकुबाईचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो टमटमचा.

ठकुबाई वरच्या वाडीची. तिची धाकटी लेक हेमाली दिली होती खालच्या वाडीला, आणि ती तिथे दुसऱ्यांदा बाळंत झाली होती. ठकुबाईच्या घरची रीत अशी, की लेक बाळंत झाली की सव्वा महिना तिच्या पोटात माहेरचंच अन्न जायचं, तेही गरम. ठकुबाईच्या आजेसासूपासून ही रीत मोडलेली नव्हती. पूर आला, नळ गेला, गावात निवडणूक झाली, तरी डबा चुकला नव्हता. हेमालीची सासू आक्का रीत मानणारी होती, पण एका अटीवर. तिने पहिल्याच दिवशी फोन करून ऐकवलं, “विहीणबाय, तुमची रीत तुम्ही सांभाला. पर एक दिस जरी डबा चुकला का दुसऱ्या दिसापासना माझ्या हातचा. मंग मना बोलाचा न्हाय.”

आक्काच्या हातचं म्हणजे काय, ते ठकुबाईने साखरपुड्यात खाल्लं होतं. त्या आमटीत मीठ कमी नव्हतं, आमटीच कमी होती.

बाळंतपणाच्या अकराव्या दिवशी योजना लागू झाली आणि डबा नेणारी कालव्याकाठची टमटम बंद झाली. हायवेने वळसा घालून जायचं, तर कंटेनरच्या रांगेत अडीच तास. तीन किलोमीटर चालायचं, तर ठकुबाईच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. डबा कडीला धरून ती कालव्याच्या तोंडाशी उभी राहिली. तिथे योजनेचे समन्वयक भूपेश गळ्यात ओळखपत्र घालून उभे होते.

“आजी, इथे थांबता येणार नाही. हा निवांत मार्ग आहे.”

“मंग मी काय नाचतंय का? निवांतच उभी हाय.”

“तुमची नोंदणी नाही.”

“माझी नोंद तुझ्या बापाच्या लग्नाच्या जेवनावलीत हाय. बाजूला हो.”

इथे ठकुबाईच्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं. ती पहिलीत दोनदा बसली आणि दोन्ही वेळा उठून घरी आली. बाकीचं शिक्षण दापोड्याच्या गोदामात झालं. तिथे ती बारा वर्षं मुकादमीण होती, चाळीस हमालांची. त्या विद्यापीठाचे दोनच धडे. पहिला, गाडी रिकामी धाडायची नाही. दुसरा, ट्रक खाली करताना माणसाने पळायचं नाही; माणसाने रांगेत जागेवर उभं राहायचं आणि पळायचं मालाने, या हातातून त्या हातात.

पहिला धडा तिला तिथेच, कालव्याच्या तोंडाशी आठवला. समोरून सायकली चालल्या होत्या, एकामागून एक, आणि सगळ्या रिकाम्या! मागे कॅरिअर, पुढे टोपली, आणि आत काय? पाण्याची बाटली. ठकुबाईच्या जिवाला घोर लागला. एवढी वाहतूक वाया? ज्या तालुक्यातून अख्ख्या देशाचं सामान जातं, त्या तालुक्यात?

तिने पहिल्या सायकलचं हँडल धरलं. सायकलवर तनवीर होता, भिवंडीचा लूमवाला, पन्नाशीचा. चोवीस यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेलेलं. डॉक्टरने शांततेत फिरायला सांगितलं म्हणून तो आला होता, आणि शांततेत त्याचे कान दुखत होते.

“खं चाललास?” ठकुबाईने विचारलं.

“कुठं नाय मौसी. ऐसेच. टोकापर्यंत जायचं, परत यायचं.”

“रिकामा?”

तनवीर ओशाळला. धंद्यातला माणूस होता. “हां... रिकामाच.”

“लाज न्हाय वाटत? ह्यो धर डबा. टोकाला निळा दरवाजा, आक्का म्हनून हाक मार. ती काय बोलली तर उत्तर देऊ नको. आनि वास घ्यायचा न्हाय.”

तनवीर गेला, पोचवून आला, आणि परत आल्यावर त्याचा चेहरा असा फुलला होता की भूपेशनी त्याचा फोटो योजनेच्या पत्रकावर छापला. (खाली ओळ : ‘निसर्गाने दिलेला आनंद’.) दुसऱ्या दिवशी तो आपणहून ठकुबाईच्या दारात आला. तिसऱ्या दिवशी सोबत चार जण. आठवड्यात अशी वेळ आली, की डबा एक आणि न्यायला एकवीस. ठकुबाईने डबा फोडला. एकाकडे नाचणीची भाकर, एकाकडे शेपू, एकाकडे आळिवाची खीर, एकाकडे नुसतं झाकण. झाकणवाल्या बाई ठाण्याच्या. त्या म्हणाल्या, इतकी जबाबदारी त्यांच्यावर आजवर कुणी टाकली नव्हती.

भूपेशनी हरकत घेतली. पर्यटकांकडून हमाली करून घेणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं, की हमाली बसत नाही, पण ‘अनुभव’ बसतो. म्हणून नोंदणीच्या अर्जात भर पडली : अनुभव क्रमांक सात, ओझं. अर्जांची संख्या तिप्पट झाली. काही जण फोन करून विचारू लागले, की सिमेंटची गोणी मिळेल का.

अडचण एकच. वेगमर्यादेमुळे आणि बाकड्यांमुळे खीर कधीकधी कोमट पोचे, आणि आक्का फोनवर नुसतं “हं” म्हणे. तो “हं” ठकुबाईच्या कानात दिवसभर घुमे. ती काठावरून ओरडे, “अरं पाय मार, बगलं काय बघतंस, बगलं कुठं पलून जात न्हाय!” आणि भूपेश मागून ओरडत, “सर, सावकाश! निवांत, निवांत!”

असे दिवस गेले. उरला शेवटचा. सव्वा महिना पुरा व्हायला एक डबा हवा होता.

नेमक्या त्या रविवारी योजनेने ‘शून्य गती दिवस’ जाहीर केला. विचार साधा होता. सावकाश जाणं चांगलं, तर अजिबात न जाणं उत्तम. सकाळी नऊ ते बारा, जो सायकलस्वार सर्वांत कमी अंतर जाईल त्याला चषक. चाक वीतभर जरी सरकलं तरी बाद. हजार अपेक्षित होते, सतराशे आले. नऊच्या ठोक्याला वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत चाकाला चाक लावून सायकली उभ्या. भिवंडीच्या इतिहासात वाहनांची कोंडी पुष्कळदा झाली होती. चषक ठेवून पहिल्यांदाच.

ठकुबाई डबा घेऊन आली. शेवटचा म्हणून तिने पहाटेपासून खपून केलेला. वाफ झाकणाखालून येत होती. तिने रांग बघितली आणि खालीच बसली.

“तनवीर! तू तरी जा रं.”

तनवीर आठव्या नंबरवर, डोळे मिटून उभा. “मौसी, कसम से, जागाच नाय. पुढं मुंगी जाणार नाय.”

फोन वाजला. आक्का. “साडेनऊ झालं, विहीणबाय. मी कुकर लावू का?”

तो ‘कुकर’ ऐकला आणि ठकुबाईला दुसरा धडा आठवला. ती उठली. गुडघे कुठल्या कुठे गेले. समोर काय होतं? सतराशे माणसं, जागेवर उभी, हात रिकामे, न हलायची शप्पथ घेतलेली. अशी रांग बारा वर्षांच्या मुकादमीत तिला एकदाही मिळाली नव्हती!

“ए कलिंगडवाल्यांनू!” ती गरजली. “पाय हलवायचा न्हाय! हात हलवायचा! उजवीकडनं घ्या, डावीकडं द्या! सांडल त्याला मी हुडकून काढीन!”

डबा उडाला. पहिल्या हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून आठव्या; तनवीरने तो असा सोडला जणू लूमचा धोटा. बगळे उडाले. झाकणवाल्या बाई आनंदाने किंचाळल्या. डॉक्टर, वकील, दोन निवृत्त न्यायाधीश, कुणाच्याही चाकाला हूं की चूं नाही, आणि माथ्यावरून डबा चाललाय, “पुढे, पुढे, गरम आहे, गरम आहे!” भूपेश वेगमापक धरून धावले, पण नियम सायकलींचा होता, डब्याच्या वेगाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

दोन चुकार हात सोडले तर डबा कुठे अडला नाही. हेमालीने फोन केला तेव्हा तिचं तोंड भरलेलं होतं. “आये, जीभ भाजली!” मागून आक्काचा आवाज आला. या वेळी “हं” नव्हता. ती म्हणाली, “मंग मी कुकर उगाच काढला म्हनायचा,” आणि त्याला ठकुबाई सन्मानपत्र मानते.

आता आक्का कितीही तोंडाळ असली, तरी विहिणीचा डबा रिकामा परत धाडणारी बाई नव्हे. तिने त्यात ओल्या खोबऱ्याचे एकवीस लाडू भरले आणि त्याच रांगेत उलट सोडला. बाराच्या आत डबा ठकुबाईच्या हातात आला. तिने झाकण उघडलं, मोजले. वीस.

भूपेशनी चौकशी समिती नेमली. सतराशे जणांचे जबाब झाले. सगळे म्हणाले, आपण फक्त पुढे दिला. ठकुबाईने समितीला हसून वाटेला लावलं. तिला ठाऊक आहे. रविवारच्या सकाळी कामधाम सोडून, दुसऱ्याच्या घरचा डबा कुठून कुठे जातो ते इथपर्यंत निवांत बघत बसलेला माणूस कोण, हे शोधायला समिती लागत नाही.

तोंड पुसा. ओठाच्या कडेला खोबरं लागलंय.