लाकडांचा वॉर्ड

आमचे शेजारी डॉक्टर सबनीस लाकडं तपासतात. ओंडक्यावर डाव्या हाताचं मधलं बोट ठेवायचं, त्यावर उजव्या बोटानं टकटक करायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं त्यांनी छातीचे पेशंट असेच तपासले. आवाज खणखणीत आला तर लाकूड वाळलं. बद्द आला तर निदान ठरलेलं : "आत पाणी आहे. डिस्चार्ज नाही."

त्यांच्या घरात सेंट्रल हीटिंग आहे आणि ते चालतं. डॉक्टर ते लावत नाहीत. मागच्या शेडमध्ये सरपणाच्या तीन रांगा आहेत : 'ॲडमिट', 'ऑब्झर्वेशन' आणि 'घरी पाठवा'. तिसऱ्या रांगेतलं लाकूड घरात जातं ते जळायलाच, हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"पेशंटला सगळं सांगायचं नसतं," ते म्हणाले.

सकाळी सातला राख काढायची, मग शेगडी पेटवायची, नऊला राउंड. राउंडच्या वेळी ते फोन घेत नाहीत. एकदा मी मदत म्हणून पहिल्याच रांगेतलं लाकूड शेगडीत टाकलं. ते फसफसलं, खोलीभर धूर झाला. डॉक्टरांनी शांतपणे खिडकी उघडली. "बाई, आधी केसपेपर वाचावा."

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या मुलीचा, मीनलचा, एजवेअरहून फोन आला.

"काकू, बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. एक दिवस कुऱ्हाड पायावर मारून घेतील. इथे आमच्या शेजारचा फ्लॅट रिकामा झालाय. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. तुम्ही सांगा ना, तुमचं ऐकतात ते."

माझं ते अजिबात ऐकत नाहीत, पण मुद्दा बरोबर होता. मी गेले. डॉक्टर कुणाच्या तरी बागेतून आणलेले ओलेकच्च ओंडके रचत होते.

"मीनलनं पाठवलं ना?"

"हो. फ्लॅट उबदार आहे म्हणते. बटण दाबलं की झालं."

"सातला बटण दाबलं. सात वाजून एक मिनिटानं काय करू?"

त्यांच्या बायकोला, वहिनींना, जाऊन तीन वर्षं झाली होती. मी ओंडक्यांकडे बोट दाखवलं. "हे कधी तयार होणार?"

"दोन हिवाळे जातील." त्यांनी एक ओंडका सरळ केला, मग तोच पुन्हा सरळ केला. "तोवर तुम्ही इथेच असाल ना?"

"असेन. जाते कुठे?"

घरी येऊन मीनलला कळवलं : फ्लॅट सोडून दे. कुऱ्हाड माझ्या घरी राहील. फोडाफोडी फक्त शनिवारी, मी समोर असताना.

डॉक्टरांनी भरपूर कुरकुर केली. हा हुकूमशाहीचा देश नाही म्हणाले.

शनिवारी साडेआठलाच बेल वाजली. डॉक्टर कुऱ्हाड न्यायला आले होते. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट.